एकवीस चिंध्या

“त्या चिंध्या आमच्याच केराच्या बादलीत टाका की,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “घरी कशाला वाहून नेताय?”

“नको, नेते मी.”

“अहो, तेलकट घाण ती. पिशवी खराब होईल तुमची.”

“डबा आणलाय,” धाकटी म्हणाली आणि पिशवीतून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. डब्यात निम्मं पाणी होतं. फरशीवर पसरून ठेवलेल्या चिंध्या तिनं एकेक करून पाण्यात बुडवल्या. ओठ हलवत मोजल्या. नऊ भरल्या तशी ती टेबलाखाली वाकली. दहावी खुर्चीच्या पायाशी सापडली. तीही बुडवून तिनं झाकण लावलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मास्तरीणबाईंनी तीस वर्षं सहलीला नेलेली पोरं मोजली होती, पण इतकी कसून नव्हे.

“एखादी राहिली तर काय रडणार आहे का ती?”

धाकटी हसली नाही. “उद्या दुपारपर्यंत टेबलावर काही ठेवू नका,” एवढंच म्हणाली. “आणि गरम पातेलं तर कधीच नको. कितीही तेल पाजलं तरी त्याचा डाग राहतो.”

धाकटी म्हणजे सुतारांच्या घरातली धाकटी सून. वय चोपन्न, चष्म्याचा नंबर वाढलेला, एक लेक लग्न होऊन दूरगावी गेलेली, तरी नाव धाकटीच. सासऱ्यांनी एकदा हाक मारली ती चिकटली. गल्लीतली पोरं तिला तेलवाली काकू म्हणत. टेबलं, खुर्च्या, दारं, जिन्याचे कठडे, वाचनालयाची कपाटं, सगळ्यांना तेल देण्याचं काम ती करी. चकचकीत पॉलिश मारणारे पुष्कळ होते. ते एका दिवसात आरशासारखं करून देत आणि वर्षात त्याचे पापुद्रे निघत. धाकटीचं काम चार-चार दिवस चाले. आधी पॉलिश पेपरनं लाकडाच्या रेषेरेषेनं घासायचं, मग टर्पेंटाइन घालून पातळ केलेला जवसाच्या तेलाचा पहिला हात, पाव तास थांबून लाकडानं न प्यायलेलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढणं, एक दिवस सोडून दुसरा हात, आणखी एक दिवस सोडून तिसरा. “लाकडाला भूक असते तेवढंच वाढायचं,” असं तिचे सासरे, म्हणजे आबा, म्हणायचे. “उरलेलं पुसलं नाही तर लाकूड चिकट होतं. लाडावलेल्या पोरासारखं.”

घरी आल्यावर चपला काढायच्याही आधी ती मागच्या दारी जाई आणि डब्यातल्या चिंध्या पिळून तारेवर वाळत घाली. एकीची कड दुसरीला लागता कामा नये, म्हणून मध्ये वीतभर जागा सोडे. शेजारीण रोज एकदा तरी टोमणा मारे, “काय बाई, साड्या पडल्या असतील घड्या न घालता, पण चिंध्यांचा काय थाट!”

हा थाट बावीस वर्षांचा होता. त्याआधी धाकटी चारचौघींसारखीच होती.

घराच्या मागच्या बोळात पत्र्याची लांबट शेड होती. तिला सगळे कारखाना म्हणत. चार जण वाकून काम करू लागले की पाचव्याला आडवं होऊन जावं लागे, एवढाच तो कारखाना. आबा, त्यांचा थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा लाकूड कापत, रंधत, जोडत. तेलाचं काम आबांनी धाकटीला शिकवलं होतं. थोरल्या सुनेला आधी विचारलं होतं, पण तिला त्या वासानं मळमळायचं. थोरलीचं नाक मोठं तिखट. दूध नासायच्या आदल्या दिवशीच ती सांगे, उद्या नासणार म्हणून.

आबांचा एक नियम होता. काम झालं की चिंध्या तारेवर टांगायच्या, नाहीतर पाण्यात बुडवायच्या. बोळा करून कुठेही टाकायच्या नाहीत. “पाण्यानं ओलं झालेलं फडकं गार पडतं,” ते म्हणत, “तेलाचं तापतं. बोळा केला तर आतल्या आत तापत जातं आणि पेटतं.” धाकटा मुलगा, म्हणजे धाकटीचा नवरा, हसायचा. चिंध्या आपोआप पेटतात म्हणे! आबांची अशी आणखी पुष्कळ खुळं होती. कारखान्यात शीळ घालायची नाही, रंधा पालथा ठेवायचा नाही. धाकटीला वाटायचं, टापटीप राहावी म्हणून म्हाताऱ्यानं लावलेली शिस्त असेल. पण ती पाळायची. नवी सून असताना पाळलेले नियम मग अंगवळणी पडतात.

त्या शनिवारी मात्र तिनं पाळला नाही.

उन्हाळा होता. एका शाळेचे बाक तयार होते आणि सोमवारी न्यायचे होते. धाकटीनं जुनी चादर फाडून एकवीस चिंध्या केल्या होत्या. आकडा लक्षात राहिला कारण चादर नीट फाटली नाही, शेवटची चिंधी त्रिकोणी आली. तीन वाजता बाकांचं तेल पुसून झालं तेव्हा तिला आठवलं, शनिवारची शाळा अडीचला सुटते. सहा वर्षांची लेक फाटकाशी एकटी उभी असणार. चिंध्या हातात होत्या. तार भिंतीपलीकडे होती. बाकाखाली ढलप्या आणि भुसा भरलेली गोणी होती. तिनं एकवीसच्या एकवीस चिंध्यांचा बोळा केला, गोणीत कोंबला आणि पळत सुटली. आल्यावर टांगू, असं म्हणाली मनाशी. आल्यावर लेकीला ताप भरलेला निघाला आणि चिंध्या डोक्यातून गेल्या.

साडेपाचला थोरल्यानं कारखाना बंद केला. तो सिगरेट ओढायचा, दिवसाला आठ-दहा. आत कधीच नाही, दाराबाहेर पायरीवर. त्या दिवशीही पायरीवर बसून एक ओढली, विझवली, कुलूप लावलं.

सात वाजता पत्र्यातून धूर निघाला. शेजाऱ्यांनी बादल्या ओतल्या, बंब आला, पण लाकूडच ते. शाळेचे बाक गेले, सुकवलेला माल गेला, आबांच्या गुरूनं दिलेली रंध्यांची पेटी गेली. माणूस कोणी गेलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत उभं राहून आबांनी पहिला प्रश्न धाकटीला विचारला.

“चिंध्या टांगल्या होत्यास ना?”

धाकटीच्या कडेवर तापानं फणफणलेली लेक होती. समोर आबा, त्यांच्या धोतराला काळं लागलेलं. तारही जळून पडली होती, त्यामुळे बघून कळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

एक अक्षर. मग आबा थोरल्याकडे वळले.

“मी विझवली होती,” थोरला म्हणाला. “पायरीवर घासून विझवली, आबा. शपथेवर सांगतो. आणि कुलूप लावताना मला आतून कसला तरी वास आला होता. करपट, खवट. तेल करपल्यासारखा.”

“तुमच्याच सिगरेटचा,” धाकटा म्हणाला.

“सिगरेटचा नाही रे. मला कळत नाही का?”

“मग आत जाऊन बघितलं का नाहीस?” आबांनी विचारलं.

थोरल्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. थोरलीनं मान फिरवली. तिचं नाक एवढं तिखट, आणि या माणसाच्या बोटांना, शर्टाला, उशीलासुद्धा सिगरेटचा वास. तिनं मनातल्या मनात निकाल कधीच लावला होता.

महिन्याभरानं पत्रे नवे आले तेव्हा आबांनी नव्या कुलपाची किल्ली धाकट्या मुलाच्या खिशात घातली. थोरला दोन आठवडे आला. रंधा हातात घेतला की आबा म्हणत, “बघ, धाकटी नियम पाळते. बाहेरून आलेली पोर. आणि तुला साधी सिगरेट विझवता येत नाही.” तिसऱ्या आठवड्यात थोरला एका शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या घेऊन राहिला. सिगरेट त्यानं त्या सकाळपासूनच सोडली होती. न केलेल्या चुकीसाठी सोडली, हे त्याच्याखेरीज फक्त धाकटीला माहीत होतं, आणि तेही तिला लगेच माहीत नव्हतं.

म्हणजे संशय होता, पण माणूस संशयाला कुठेतरी टेकू देऊन निजवतो. सिगरेटच असेल, असं ती स्वतःला सांगत होती. मग चार महिन्यांनी एकदा तिनं चिंध्या टांगायला म्हणून टोपलीत ठेवल्या, दारात कोणी आलं, बोलण्यात अर्धा-पाऊण तास गेला. परत येऊन टोपलीत हात घातला तर आतल्या चिंध्या, नुकत्याच भाकरीवरून काढलेल्या फडक्यासारख्या, उबदार. तिनं हात बाहेर काढला आणि तशीच उभी राहिली. मग चिंध्या पाण्यात बुडवल्या. मोजल्या. त्या दिवसापासून ती मोजतेय.

सांगायचं तिनं तीनदा ठरवलं. एकदा आबांना, तर ते म्हणाले, “तू होतीस म्हणून कारखाना उभा राहिला, पोरी,” आणि तिचं तोंड शिवलं गेलं. एकदा थोरल्याला, पण वाटेत फाटकाशी तो दिसला, निळ्या गणवेशात, ट्रकवाल्यांच्या चिठ्ठ्या तपासताना, आणि ती दुसऱ्या बाजूनं निघून गेली. तिसऱ्यांदा ठरवलं तोवर आबा गेले होते.

त्याऐवजी तिनं माया केली. दरवर्षी थोरल्याच्या घरची खाट, स्टूल, पाटा ठेवायची फळी, दोन दारं तेल देऊन नवी करून द्यायची. पैशाचं नाव काढू द्यायची नाही. थोरलीच्या गुडघ्यांच्या दुखण्यात पंधरा दिवस डबा नेऊन दिला. थोरली चारचौघांत सांगे, “जाऊ मिळावी तर अशी. सख्खी बहीण करणार नाही.” ते ऐकलं की धाकटीचा घास तोंडात फिरत राही.

यंदा थोरला निवृत्त झाला. महिनाभर घरी बसला आणि एका सकाळी कारखान्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“काय दादा, आज इकडे?” धाकट्यानं विचारलं.

“बसून बसून गंज चढलाय. रंधा मारायला माणूस हवाय का?”

धाकटी आत एका दाराला पहिला हात देत होती. तिचा हात थांबला.

“अहो, आता आराम करा की,” धाकटा म्हणाला. “जन्मभर फाटक सांभाळलंत.”

“म्हणजे नको.”

“तसं कुठे म्हणालो?”

“किल्ली मागत नाहीये रे. तू उघड, तूच बंद कर. मी मध्ये येतो, मध्ये जातो.” थोरला हसला. “आणि खिसे तपास हवं तर. बावीस वर्षांत काडी पेटवली नाही.”

“बघू,” धाकटा म्हणाला. या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

दुपारी जेवताना धाकट्यानं स्वतःच विषय काढला. “मलाही वाईट वाटतं. पण एवढं वाळलेलं लाकूड, तेलाचे डबे. वय झालंय. सवय परत लागायला काय वेळ लागतो? एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो.”

“आग त्यांनी लावली नव्हती,” धाकटी म्हणाली.

“बरं.”

“मी लावली.”

धाकट्यानं घास घेतला, चावला, गिळला. मग ताट जरासं पुढे सरकवलं. तिनं सगळं सांगितलं; चादर, त्रिकोणी चिंधी, गोणी, लेकीची शाळा, आबांचा प्रश्न. तिला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं विचारलं,

“कोणाला सांगितलंस?”

“तुम्हालाच.”

“मग राहू दे इथंच.”

“आणि भावजी?”

“त्यांना सवय झालीय गं. आता सांगून काय, त्यांची बावीस वर्षं परत येणार आहेत? आबांनी किल्ली मला दिली ती कशामुळे? मग लोक काय म्हणतील, बायकोनं आग लावली आणि नवऱ्यानं कारखाना घेतला?” त्यानं आवाज खाली आणला. “आणि कशावरून चिंध्याच? तू बघितलंस पेटताना? चिंध्या आपोआप पेटत नसतात. आबांचं खूळ आणि त्याच्यावर तुझी कडी. ऊठ, ताट घे.”

ती उठली, ताट घेतलं. ताट घासताना तिनं ठरवलं आणि या खेपेला वाट बदलायला जागा राहू नये म्हणून हात पुसून लगेच गल्लीच्या टोकाला गेली. थोरली दारात धान्य निवडत होती.

“ताई, रविवारी दुपारी दोघं कारखान्यात या. जेवूनच या. वेळ लागेल.”

“कामावर घेताय का ह्यांना?” थोरलीचं तोंड उजळलं. “तूच बोललीस ना भावजींशी? मला वाटलंच.”

“या तर खरं,” धाकटी म्हणाली.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. मागच्या अंगणात, भिंतीपासून आणि शेडपासून लांब, धाकटीनं पत्र्याचा जुना डबा ठेवला होता. शेजारी पाण्याच्या तीन बादल्या भरल्या होत्या. डब्यात तळाला भुसा. सकाळी जुनी चादर फाडून तिनं एकवीस चिंध्या केल्या होत्या. चौघं वळचणीच्या सावलीत स्टुलांवर बसली. धाकटा सगळ्यात लांब.

धाकटी उभ्यानंच बोलली. बसली असती तर उरकलं नसतं.

“त्या दिवशी आबांनी विचारलं, चिंध्या टांगल्यास का. मी हो म्हणाले. टांगल्या नव्हत्या. बोळा करून भुशाच्या गोणीत टाकल्या होत्या. आग त्याची होती. भावजींची नव्हती.”

थोरली आधी हिच्याकडे, मग धाकट्याकडे बघत राहिली आणि अचानक हसली.

“अगं वेडे! ह्यांना कामावर घ्यावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेस होय? कुणी सांगितलं एवढं करायला?”

“नाही ताई. खरंच सांगतेय.”

“तू आणि चिंध्या टाकणार? चिंधीन् चिंधी मोजतेस तू!”

“तेव्हापासून मोजते.”

“बघ बाई, किती मोठं मन,” थोरली नवऱ्याला म्हणाली. “तुमच्यासाठी खोटं बोलतेय.”

धाकटीनं इतक्या वर्षांत या घडीची नाना तऱ्हेनं कल्पना केली होती. कोणी शिव्या देईल, कोणी रडेल. कोणी विश्वासच ठेवणार नाही, हे कधी मनात आलं नव्हतं. बावीस वर्षं खाटांना, फळ्यांना तेल देऊन स्वतःचा चांगुलपणा तिनं इतका चकचकीत केला होता की आता त्यावर खरं टिकत नव्हतं, थेंबासारखं घरंगळून जात होतं.

“मग बसा,” ती म्हणाली. “बघाच.”

तिनं तेलाचा डबा उघडला, चिंध्या बुडवल्या, निथळल्या, सैलसा बोळा केला आणि डब्यातल्या भुशात ठेवला. वर आणखी मूठभर भुसा टाकला. मग तीही बसली.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. दुसराही तसाच गेला. थोरलीनं पदरानं वारा घेतला. धाकटा म्हणाला, “चहाचं आधण ठेवायचं का यावर? रात्रीपर्यंत कोमट होईल.” शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि चार माणसं एका डब्याकडे टक लावून बसलेली बघून विचारलं, “काय, अंडी उबवताय का?” “हो,” थोरली म्हणाली, “झाली की देते पिल्लू.” शेजारीण गेली.

दीड तास झाला तसं धाकटीला वाटायला लागलं, नाहीच झालं तर? एक क्षणभर तिला सुटल्यासारखंही वाटलं. नाही पेटलं तर ती सिगरेटच होती. मग बावीस वर्षं उगाच. तेवढ्यात तिनं थोरल्याकडे पाहिलं. तो डब्याकडे बघत नव्हता. मान वर करून, डोळे बारीक करून हवेत काहीतरी शोधत होता.

तो उठला. डब्याशी उकिडवा बसला, भुसा बाजूला केला आणि बोळ्यात हात घातला. झटक्यात बाहेर काढला.

“तापलंय.”

“उन्हानं तापला असेल डबा,” धाकटा म्हणाला.

“डबा नाही रे. आतून.” त्यानं पुन्हा वाकून श्वास घेतला. मग तसाच बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून. “हाच वास. करपट, खवट. कुलूप लावताना आला होता तो हाच. मी सांगत होतो तुम्हाला.”

बोळ्यातून धुराची बारीकशी रेघ वर आली. दोऱ्याएवढी.

थोरली उठली. गुडघे धरत डब्यापाशी आली आणि वाकली. त्या घरातलं सगळ्यात तिखट नाक. तिनं एकदाच वास घेतला आणि ताठ झाली. तो वास कशाचाही असेल, सिगरेटचा नव्हता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

धाकटा स्टुलावरून उठला होता, पण पुढे आला नाही.

थोरल्यानं बादली उचलून डब्यात ओतली. चर्र आवाज झाला. त्यानं चिंध्या बाहेर काढल्या, एक एक सोडवली, पिळली आणि तारेवर टाकायला लागला. आतल्या दोन-तीन तपकिरी पडल्या होत्या. धाकटी मदतीला पुढे झाली तर म्हणाला, “राहू दे. मला येतं.”

“भावजी, मी...”

“पोरगी किती वर्षांची होती तेव्हा?” तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं.

“सहा.”

“हं.” त्यानं आणखी एक चिंधी पसरली. “आबांना सांगायचं होतंस. ते ओरडले असते. दोन दिवस ओरडले असते, बस्स.”

याबद्दल त्याहून जास्त तो त्या दिवशीच काय, पुढेही कधी बोलला नाही. बोलली ती थोरली. पण तिला जे बोलायचं होतं ते धाकटीला अपेक्षित होतं ते नव्हतं.

“रोज संध्याकाळी हे फाटकावरून आले की मी शर्ट हुंगायची,” ती म्हणाली. “धुवायला टाकायच्या आधी. खिसे, बाह्या. बावीस वर्षं. ह्यांना माहीत होतं. शर्ट काढून स्वतःच हातात द्यायचे, घे म्हणायचे. एकदा तरी मी म्हणाले का, की तुम्ही विझवली असेल? नवरा शपथेवर सांगत होता आणि मी मान फिरवली. ते माझ्या हातून करून घेतलंस तू. आणि वर्षाच्या वर्षाला येऊन माझ्या फळ्या पुसत होतीस.”

“ताई, चुकलं माझं.”

“ताई म्हणू नकोस.”

थोरलीच्या गुडघ्यांना उभं राहवत नव्हतं, तरी ती स्टुलावर बसली नाही. स्टुलाला धाकटीनंच तेल दिलेलं होतं.

मग धाकट्यानं घसा खाकरला.

“दादा, उद्या किती वाजता येणार?”

थोरल्यानं शेवटची चिंधी तारेवर टाकली. ती त्रिकोणी नव्हती. या वेळी चादर नीट फाटली होती. “आठ.”

“मला साडेआठ होतील,” धाकटा म्हणाला. त्याला जन्मात कधी साडेआठ झाले नव्हते. तो साडेसातलाच कुलूप काढत असे. त्यानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि दारालगतच्या बाकावर ठेवली. मग कोणाकडेही न बघता घरात गेला.

थोरला सोमवारी आठला आला. आठवड्यात रंध्यावर हात बसला. धाकटीशी तो कामापुरतं बोले. ही फळी कोरडी आहे, हिला दोन हात जास्त लागतील, इतपत. चहाच्या वेळी पायरीवर बसे. एकदा गवंड्यानं सिगरेट पुढे केली तर त्यानं ती बोटात धरली, फिरवली आणि परत दिली. “आता चव कळायची नाही,” म्हणाला.

थोरली आली नाही. रस्त्यात समोर आली तरी धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे बघून जाई. वाण्याकडे, दळणाला, गल्लीत सगळीकडे कळलंच. मास्तरीणबाईंनी कपाटाला तेल द्यायला बोलावलं तेव्हा काही विचारलं नाही, पण धाकटी चिंध्या मोजत असताना त्याही मागे उभ्या राहून मनात मोजत होत्या, हे तिला कळलं. तिनं ते सोसलं.

पावणेदोन महिन्यांनी एका सकाळी थोरली कारखान्याच्या दारात उभी राहिली. काखेत गाठोडं. धाकटी एका लांब टेबलाचा काठ घासत होती. थोरला आणि धाकटा आत लाकूड उचलत होते, ते तसेच थांबले.

थोरलीनं गाठोडं बाकावर टाकलं आणि गाठ सोडली. आत निळे, विटलेले, धुऊन धुऊन मऊ पडलेले कापडाचे तुकडे होते. पहारेकऱ्याच्या गणवेशाचे शर्ट, कात्रीनं सरळ कापलेले. बटणं काढून घेतलेली. एका तुकड्यावर खिसा तसाच राहिला होता.

“चादरीपेक्षा हे तेल चांगलं ओढेल,” ती टेबलाकडे बघत म्हणाली. “हे म्हणाले, तुला चिंध्या पुरत नाहीत.”

“बसा ना,” धाकटी म्हणाली. ताई शब्द तोंडात आला होता, तो तिनं गिळला.

“बसायला नाही आले. मोजून घे.”

धाकटीनं मोजले. अठरा, एकोणीस, वीस.

“एकवीस,” ती म्हणाली.

“संध्याकाळी सहाला येईन मी,” थोरली म्हणाली. “तारेवर एकवीस दिसल्या पाहिजेत.”

सहाला पाच कमी असताना ती आली. भिंतीपाशी उभी राहिली आणि बोट पुढे करून, ओठ हलवत, पहिल्या टोकापासून मोजायला लागली. धाकटी तारेच्या दुसऱ्या टोकाला हात पुसत उभी होती. खिसा असलेली चिंधी सगळ्यात शेवटी होती. थोरलीचं बोट तिथवर आलं, थांबलं आणि खाली गेलं.

“उद्या परत येते,” ती म्हणाली आणि गुडघे सांभाळत बोळानं निघून गेली.